डिझेल कार कोणाला परवडते? राळेगाव परिसरातील शेतकऱ्यांसाठी किलोमीटरचा हिशेब

कापसाची वेचणी निम्म्यावर आली आणि पहिल्या विक्रीचे पैसे हाती पडले, की राळेगाव तालुक्यातील अनेक घरांत चारचाकीचा विषय निघतो. दवाखाना, मुलांचे शिक्षण, बाजार समिती, बँक, कृषी सेवा केंद्र, लग्नकार्य अशा सगळ्यासाठी गाडी लागते. एसटीच्या वेळा सगळ्यांना जुळत नाहीत आणि दुचाकीवर सगळे कुटुंब बसत नाही. त्यामुळे गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. प्रश्न असतो तो कोणती घ्यावी याचा. बहुतेक ठिकाणी उत्तर आधीच ठरलेले असते: "डिझेलची घ्या, ॲव्हरेज चांगले देते."

डिझेलची गाडी एका लिटरमध्ये जास्त धावते, हे खरेच आहे. पण जास्त ॲव्हरेज देणारी गाडी घरखर्चाला स्वस्त पडेलच असे नाही. गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते आणि एका फेरीत सलग किती अंतर कापते, या दोन गोष्टींवर ते ठरते. ठिबक संच किंवा मळणी यंत्र घेताना आपण जसा खर्च व वसुलीचा हिशेब मांडतो, तसाच तो गाडीसाठी कसा मांडावा, हे या लेखात पाहू.

डिझेल स्वस्त असण्याचे दिवस

डिझेल गाडी म्हणजे बचत, हा समज एका विशिष्ट काळात तयार झाला. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि पुण्यात तयार झालेली ही छोटी डिझेल कार गावोगावी पोहोचली. पुढे मारुती स्विफ्ट आणि डिझायरमधील १.३ लिटरच्या डिझेल इंजिनाने टॅक्सीवाल्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांना गोडी लावली. त्या काळात डिझेलच्या दरावर सरकारचे नियंत्रण होते. २०१२ च्या मध्यावर पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे सुमारे ३० रुपयांचे अंतर होते. एवढा फरक असल्यावर गाडी महाग असली तरी पैसे लवकर वसूल होत.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. जून २०१७ पासून दोन्ही इंधनांचे दर रोज ठरू लागले. आज आपल्या भागात दोन्ही दरांतील अंतर साधारण १३ ते १५ रुपयांवर आले आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झाले. त्यामुळे डिझेल गाडीत धूर शुद्ध करणारी महागडी यंत्रणा बसवावी लागली आणि गाडीची किंमत वाढली. छोट्या डिझेल गाड्यांत आघाडीवर असलेल्या मारुतीने तर त्याच वेळी डिझेल गाड्या बंद केल्या.

म्हणजे जुन्या स्विफ्ट डिझेलने शेजाऱ्याला फायदा करून दिला असेल, तर तो हिशेब त्या वेळच्या दरांचा होता. आज नवी गाडी घेताना तो जसाच्या तसा लागू होत नाही.

२०२५ च्या अखेरीस डिझेल इंजिन मिळणाऱ्या चार मीटरच्या आतील गाड्या मोजक्याच होत्या. टाटा अल्ट्रोझ व नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट व सायरोस, महिंद्रा एक्सयूव्ही थ्री एक्सओ, बोलेरो आणि बोलेरो निओ ही त्यांतील प्रमुख नावे. गाडी घेताना कोणत्या मॉडेलमध्ये डिझेल अजून मिळते, हे आधी विचारून घ्यावे.

डिझेल इंजिन कमी इंधनात जास्त का चालते?

याची मुख्य कारणे दोन आहेत.

१. एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे १० ते १२ टक्के जास्त ऊर्जा असते, कारण डिझेल जास्त घट्ट म्हणजे वजनाला जड असते.

२. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात हवा खूप दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जास्त दाबामुळे इंधनातील उष्णतेचा मोठा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. कमी फेऱ्यांवरही ओढ चांगली मिळते. ट्रॅक्टर आणि ट्रकमध्ये डिझेल इंजिन असते ते याचमुळे.

यात अलीकडे तिसऱ्या गोष्टीची भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस, मका आणि तांदळापासून तयार होणाऱ्या इथेनॉलमुळे शेतमालाला मागणी मिळते, ही चांगली बाजू आहे. मात्र इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज थोडे घटते. हिशेबात पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज धरताना आजच्या पेट्रोलवर मिळणारे धरावे, पाच-सात वर्षांपूर्वीचे धरू नये.

कागदावरचे ॲव्हरेज आणि रस्त्यावरचे ॲव्हरेज

जाहिरातीत दिलेले ॲव्हरेज हे प्रयोगशाळेतील चाचणीचे असते. पुण्यातील एआरएआय या संस्थेसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणी गाडी रोलरवर ठराविक वेगक्रमाने चालवून ते मोजले जाते. तिथे ना खड्डे असतात, ना डोक्यावर ऊन, ना डिकीत खताची पोती. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचे उत्पादन आणि आपल्या वावरातले उत्पादन यांत जसा फरक पडतो, तसाच हा प्रकार आहे. चाचणीचा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी उपयोगी आहे. खर्चाचा हिशेब करताना मात्र त्यातून पाचवा ते चौथा हिस्सा वजा करावा.

खरे ॲव्हरेज मोजण्याची सोपी पद्धत अशी: टाकी काठोकाठ न भरता पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी आणि मीटरचा आकडा लिहून ठेवावा. तीनशे-चारशे किलोमीटर चालल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे आपले ॲव्हरेज. असे तीन वेळा करून सरासरी काढावी. गाडी घेण्यापूर्वी तेच मॉडेल वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून याच पद्धतीने मोजलेला आकडा मिळाला तर उत्तम.

हिशेब असा मांडावा

यासाठी पाच आकडे लागतात.

• एकाच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल गाडीच्या ऑन-रोड किमतीतील फरक
• दोन्ही इंधनांचा आपल्या पंपावरील दर
• दोन्ही गाड्यांचे रस्त्यावरचे ॲव्हरेज
• देखभालीच्या वार्षिक खर्चातील फरक
• वर्षाला होणारे किलोमीटर

किमतीची तुलना शोरूम किमतीवर करू नये. महाराष्ट्रात खासगी कारवरील एकरकमी वाहन कर डिझेलसाठी पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे. १० लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोलसाठी ११ टक्के, तर डिझेलसाठी १३ टक्के कर लागतो. समजा, पेट्रोल गाडी ८,५०,००० आणि डिझेल गाडी ९,७०,००० रुपयांची आहे. शोरूममधील फरक १,२०,००० रुपयांचा दिसतो. पेट्रोल गाडीचा कर ९३,५०० आणि डिझेल गाडीचा १,२६,१०० रुपये होतो. म्हणजे करातच आणखी ३२,६०० रुपयांचा फरक पडतो. विम्याचा थोडा फरक वेगळाच. म्हणून उदाहरणासाठी हा फरक दीड लाख रुपये धरू.

जीएसटीच्या बाबतीत मात्र छोट्या गाड्यांना दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापेक्षा मोठ्या गाडीला ४० टक्के लागतो.

आता इंधनाचा खर्च पाहू. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरले. रस्त्यावरचे ॲव्हरेज पेट्रोल गाडीचे १५ आणि डिझेल गाडीचे २० किलोमीटर धरले.

पेट्रोल: १०५ ÷ १५ = ७ रुपये प्रति किलोमीटर
डिझेल: ९१ ÷ २० = ४.५५ रुपये प्रति किलोमीटर
बचत: २.४५ रुपये प्रति किलोमीटर

डिझेल गाडीचे ऑइल, फिल्टर व सर्व्हिसिंग थोडे महाग पडते. त्यासाठी वर्षाला ३,००० रुपये जास्त धरले. गाडी कर्जावर घेतली, तर त्या दीड लाखाच्या फरकावरही व्याज लागते. ९ टक्के दराने ५ वर्षांत १,५०,००० रुपयांचे सुमारे १,८६,८०० रुपये भरावे लागतात. हे धरून डिझेलसाठी मोजलेली जास्तीची रक्कम किती वर्षांत वसूल होते, ते असे:

• वर्षाला ८,००० किमी: निव्वळ बचत १६,६०० रुपये, वसुलीला सुमारे ११ वर्षे
• वर्षाला १०,३०० किमी: निव्वळ बचत सुमारे २२,२०० रुपये, वसुलीला सुमारे साडेआठ वर्षे
• वर्षाला १५,००० किमी: निव्वळ बचत ३३,७५० रुपये, वसुलीला सुमारे साडेपाच वर्षे
• वर्षाला २१,००० किमी: निव्वळ बचत ४८,४५० रुपये, वसुलीला चार वर्षांपेक्षा थोडे कमी

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या पंपावरचा दर, मिळालेले कोटेशन आणि बँकेचा व्याजदर घालून प्रत्येकाने पुन्हा गणित करावे. एक गोष्ट लक्षात ठेवावी. डिझेल गाडीने २० ऐवजी १८ चेच ॲव्हरेज दिले, तर किलोमीटरमागील बचत २.४५ वरून १.९४ रुपयांवर येते आणि १५,००० किमी चालवणाऱ्यालाही वसुलीसाठी सात वर्षांहून अधिक काळ लागतो.

आपले किलोमीटर किती होतात?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. गाडी रोज चालते म्हणून खूप चालते असे वाटते. राळेगावपासून १२ किलोमीटरवरच्या गावात राहणारा शेतकरी धरू. वर्षातील ३०० दिवस तालुक्याला जाऊन येणे म्हणजे ७,२०० किमी. महिन्यातून दोनदा यवतमाळ, एका फेरीला जाऊन-येऊन ९० किमी धरले, तर वर्षाचे २,१६० किमी. वर्षातून चार वेळा नागपूर, जाऊन-येऊन २४० किमी धरले, तर ९६० किमी. एकूण सुमारे १०,३०० किमी. वरच्या यादीत हा शेतकरी दुसऱ्या ओळीत बसतो. म्हणजे पैसे वसूल व्हायला साडेआठ वर्षे. तेही तो खरोखर रोज गाडी काढत असेल तर. प्रत्यक्षात एकट्याचे काम असेल, तर बहुतेक जण दुचाकीच काढतात.

याउलट दूध संकलन करणारे, कृषी निविष्ठांचे विक्रेते, जिनिंगशी संबंधित व्यापारी, अनेक गावांचा भार असलेले क्षेत्रीय कर्मचारी यांचे रोजचे ६० ते ८० किमी सहज होतात. त्यांच्यासाठी डिझेलचा विचार नक्की करण्यासारखा आहे.

कापसात मोजल्यास

आपले उत्पन्न क्विंटलमध्ये येते, म्हणून खर्चही एकदा क्विंटलमध्ये मोजून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. दीड लाख रुपये म्हणजे हमीभावाने विकलेला साडेअठरा क्विंटल कापूस. व्याजासह १,८६,८०० रुपये म्हणजे २३ क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल पिकत असेल, तर हे चार एकरांचे ढोबळ उत्पन्न झाले. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी अजून वजा व्हायची आहे. ही रक्कम संपूर्ण गाडीची नाही. केवळ पेट्रोलऐवजी डिझेल घेतल्याचा हा फरक आहे. हा पैसा विहिरीवरच्या ठिबकला किंवा तुषार संचाला लागला, तर तो किती वर्षांत वसूल होईल, याची तुलना घरात बसून करावी.

फेरी सलग किती लांबीची?

वर्षाचे किलोमीटर भरपूर असले तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळीची गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. धुरातील काजळी या गाळणीत अडकते. ती भरत आली, की गाडीचा संगणक जादा डिझेल फवारून गाळणीचे तापमान सुमारे ५५० ते ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. यासाठी गाडी तापलेली असावी लागते आणि पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने सलग चालावी लागते.

गावातून निघून पाच किलोमीटरवर गाडी बंद केली, तासाभराने पुन्हा तेवढीच चालवली, असा वापर असेल तर काजळी जाळण्याचे काम दर वेळी अर्धवट राहते. त्याचे परिणाम असे होतात:

• डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केल्यास गाडीची ताकद कमी केली जाते.
• जादा फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि त्याचे वंगण कमी होते.
• गाळणी पूर्ण तुंबली, तर वर्कशॉपमध्ये नेऊन साफ करावी लागते. ती बदलण्याची वेळ आली तर खर्च मोठा येतो.

क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दिवसाचे ७० किमी होत असले, तरी ते चार-पाच किलोमीटरच्या पंधरा टप्प्यांत होत असतील, तर डीपीएफच्या दृष्टीने तो छोटाच प्रवास आहे. ज्यांच्याकडे आधीच अशी गाडी आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा कळंब-यवतमाळ रस्त्यावर किंवा वडकीहून राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वेगमर्यादेत अर्धा तास सलग गाडी चालवावी. दिवा लागल्यावर इंजिन बंद न करता पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे चालवत राहावे. गाळणी काढून टाकून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. तसे करणे बेकायदा आहे आणि गाडीची वॉरंटीही जाते.

डीईएफ आणि शेतातला युरिया

अनेक बीएस-६ डिझेल गाड्यांत डिझेलसोबत आणखी एक द्रव भरावा लागतो. त्याला डीईएफ किंवा बोलीभाषेत "युरियाचे पाणी" म्हणतात. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. धुरातील घातक नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन व पाण्याच्या वाफेत करण्याचे काम ते करते. ते संपले तर ठराविक अंतरानंतर गाडी सुरूच होत नाही.

युरिया हा शब्द ऐकून घरातील पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवून टाकण्याचा मोह होऊ शकतो. असे कदापि करू नये. आपल्याला मिळणारा युरिया निंबोळी तेलाचे आवरण दिलेला असतो. त्यातील तेल, बाययुरेट आणि इतर अशुद्ध घटकांमुळे फवारणीचे नोझल आणि उत्प्रेरक निकामी होतो. बोअरच्या पाण्यातले क्षारही तेच करतात. शिवाय अनुदानित युरिया शेतीशिवाय इतर कामासाठी वापरणे खत नियंत्रण आदेशानुसार गुन्हा आहे. डीईएफ सीलबंद डब्यातच घ्यावे, त्यावर आयएसओ २२२४१ हा मानक क्रमांक पाहावा. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उष्णतेने डीईएफ लवकर खराब होते, म्हणून डबा टिनाच्या शेडमध्ये किंवा डिकीत ठेवू नये आणि वर्षभराचा साठा करू नये.

शेतावरचे डिझेल आणि ट्रॅक्टरचे ऑइल

घरी ट्रॅक्टर असला की डिझेलची कॅन घरात असतेच. अडचणीला तेच डिझेल कारमध्ये ओतले जाते. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन थोडी घाण सहन करते. आधुनिक कारमध्ये डिझेल प्रचंड दाबाने, अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. कॅनच्या तळाशी साचलेले पाणी, धूळ किंवा गंज तिथे पोहोचला, तर इंजेक्टर आणि पंप दोन्ही जातात. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांपर्यंत मर्यादित असते. रॉकेल किंवा बायोडिझेलच्या नावाखाली रस्त्याच्या कडेला मिळणारे इंधन स्वस्त वाटले तरी त्याने डीपीएफ आणि उत्प्रेरक खराब होतो.

ऑइलचेही तसेच आहे. डीपीएफ असलेल्या कारला कमी राख तयार करणारे ऑइल लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बादलीतले ऑइल कारमध्ये टाकल्यास त्याची राख गाळणीत साचते. काजळी जळून जाते, राख जळत नाही.

जुनी डिझेल गाडी घेताना

नवी परवडत नाही म्हणून अनेक जण जुनी डिझेल गाडी घेतात. कमी किमतीत मिळाली, तर वसुलीचे गणित सोपे होते. २०२० पूर्वीच्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांत डीपीएफ नसल्याने छोट्या फेऱ्यांची अडचणही कमी. तरी पुढील बाबी तपासाव्यात.

• सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी जावे.
• सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळते. दाट काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या फिल्टरमधील बिघाड दाखवतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर काळजी घ्यावी.
• इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. आतून जोरात धूर येत असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्या असण्याची शक्यता असते.
• मीटरवरील किलोमीटर सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावेत. स्टिअरिंग, पेडलचे रबर आणि सीट यांची झीज खोटे बोलत नाही.
• आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. दुसऱ्या राज्यातील गाडी असेल, तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते.
• खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाचे शुल्क किमान ५,००० रुपये आहे.

दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिकडच्या गाड्या स्वस्तात विकायला येतात. इथे नव्याने नोंदणी आणि वाहन कर भरावा लागतो, तो खर्च धरूनच भाव ठरवावा. केवळ नोटरीच्या कागदावर व्यवहार करू नये. गाडी आपल्या नावावर नसेल, तर अपघातानंतर विम्याची भरपाई अडकते.

हप्ता आणि हंगाम

गाडीचा हप्ता दर महिन्याला येतो, कापसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बियाणे, खत, निंदण, फवारणी यांचा खर्च डोक्यावर असतो आणि उत्पन्न शून्य असते. त्याच चार महिन्यांचे हप्ते सर्वांत जड जातात. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

• गाडी घेताना खरिपातील किमान सहा हप्त्यांची रक्कम वेगळी बाजूला ठेवता येत असेल, तरच कर्ज घ्यावे.
• शेतकऱ्यांसाठी सहामाही हप्त्याची सोय आहे का, हे बँकेत आवर्जून विचारावे.
• पीककर्जाची रक्कम गाडीच्या सुरुवातीच्या भरण्याला लावू नये. राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज सवलतीमुळे ते बिनव्याजी पडते. ते थकले, तर ही सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते.
• गाडी घरची, पण भाडे मारून हप्ता काढू, हा विचार करू नये. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाड्याने प्रवासी नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

रोजच्या वापरात इंधन वाचवण्यासाठी

• टायरमधील हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासावी. कमी हवेने इंधन जास्त लागते आणि टायर कडेने झिजतात.
• महामार्गावर ताशी ६० ते ८० किमीचा स्थिर वेग ठेवावा. शंभरच्या पुढे हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि ॲव्हरेज पडते.
• वेचणीच्या काळात कच्च्या रस्त्यांवर धूळ फार असते. हवेचा फिल्टर पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच उघडून पाहावा.
• डिझेल फिल्टरमधील पाणी पावसाळ्यात वेळेवर काढून घ्यावे.
• रिकामे कॅरिअर छतावरून उतरवून ठेवावे. दोन-तीन खताची पोती डिकीत महिनाभर फिरवू नयेत.
• कीटकनाशके माणसे बसतात त्या भागात ठेवू नयेत. शक्यतो ती कारमध्ये नेऊच नयेत. न्यावीच लागली तर सीलबंद खोक्यात, धान्य व भाजीपाल्यापासून दूर ठेवावीत. २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधा या जिल्ह्याने पाहिली आहे.

निर्णय कसा घ्यावा?

• वर्षाला १०,००० किमीपर्यंत वापर आणि बहुतेक फेऱ्या छोट्या असतील, तर पेट्रोल गाडी घ्यावी. वाचलेली रक्कम शेतात लावावी.
• वापर १०,००० ते १५,००० किमी असेल, तर गाडी किमान सात-आठ वर्षे ठेवणार असाल आणि लांबचा प्रवास नियमित असेल तरच डिझेलचा विचार करावा. घराजवळ किंवा रोजच्या वाटेवर सीएनजी पंप असेल, तर पेट्रोल-सीएनजी गाडीचाही हिशेब याच पद्धतीने करून पाहावा. मात्र टाकीमुळे डिकीची जागा कमी होते, हे लक्षात घ्यावे.
• वापर १८,००० ते २०,००० किमीच्या पुढे आणि त्यातील बराचसा सलग रस्त्याचा असेल, तर डिझेल गाडी परवडते.

गाडी ठरवण्यापूर्वी एक महिना घरातील सर्व प्रवासाची वहीत नोंद ठेवावी: तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, किती माणसे. एक महिना पेरणीचा आणि एक महिना वेचणीचा मिळाला, तर अधिक चांगले. ती वही आणि दोन कोटेशन समोर ठेवून वरचा हिशेब केला, तर डिझेल की पेट्रोल याचे उत्तर शोरूममध्ये जाण्यापूर्वीच मिळालेले असेल.